उरलेलं तेल

चंद्रभान हेडाऊंच्या घरात तीन पिढ्या एकच कायदा चालत आला होता: सूत तोलून द्यायचं आणि पातळ तोलून घ्यायचं. भंडाऱ्याच्या बाजारात त्यांचं कोसा साड्यांचं दुकान. विणकर सूत न्यायला आला की काटा, साडी घेऊन आला की पुन्हा काटा. वजन कमी भरलं तर विणकरानं सूत मारलं, हे उघडच. पण चंद्रभानजींच्या आज्यानं यापुढची पायरी गाठली होती. एखादा विणकर साडीसोबत उरलेलं सूत इमानदारीनं परत घेऊन आला, तर आजा त्याच्याकडे जास्तच संशयानं पाहायचा. "सूत उरलं म्हणजे पातळ विरळ विणलं," असं त्याचं म्हणणं. म्हणजे सूत कमी पडलं तर चोर आणि उरलं तर कामचोर. या काट्यावर पास झालेला माणूस हेडाऊंच्या दारात कोणी पाहिला नाही.

चंद्रभानजी बासष्टीत पोचले, दुकानात वातानुकूलन आलं, दारात पांढरी गाडी आली, पण काटा डोक्यातून उतरला नाही. शर्ट शिवायला टाकला तर ते शिंप्याकडून चिंध्याही मागून आणत. चिंध्यांचं पुढे काय करायचे ते त्यांनाही ठाऊक नसे. आपल्या मालाचा तुकडा दुसऱ्याच्या घरी राहू नये, एवढंच.

एका माणसावर मात्र त्यांचा विश्वास होता, निदान ते तसं सांगत तरी असत. हा माणूस म्हणजे धम्मदीप रामटेके, मूळचा आंबागडचा, वय तीस. आठ वर्षं त्यानं एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये दुसऱ्यांचा गणवेश घालून काम केलं आणि गेल्या दिवाळीत बायपासवर स्वतःचं टिनाचं शेड टाकलं. हात सफाईचा, बोलणं कमी, आणि काम झाल्यावर जुना सुटा भाग कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात देण्याची सवय. ही सवय चंद्रभानजींना फार आवडली. ज्याला त्याला ते सांगू लागले, "गाडी दाखवायची तं धम्मदीपले दाखवा. आपण जात पाहत नाही बाप्पा, आपण काम पाहतो." हे वाक्य ते इतक्यांदा म्हणाले, की ज्यांना धम्मदीपच्या जातीशी काही देणंघेणं नव्हतं त्यांनाही ती पाठ झाली.

चंद्रभानजी ज्या शिक्षण संस्थेच्या समितीवर होते, तिच्या शाळेच्या सहा व्हॅन होत्या. त्यांच्या वर्षभराच्या देखभालीचं काम या वैशाखात द्यायचं होतं. धम्मदीपचं नाव चंद्रभानजींनीच सुचवलं. शेडवर सुट्या गाड्या येत होत्या, जात होत्या, पण त्यावर जागेचं भाडं आणि बँकेचा हप्ता एकाच महिन्यात निघत नव्हता. सहा व्हॅन मिळाल्या तर शेड उभं राहील. नाही मिळाल्या तर पुन्हा दुसऱ्याचा गणवेश. धम्मदीपनं हे काही तोंडानं सांगितलं नव्हतं. त्याची आई तुळसा एकदा दुकानात साडीच्या निमित्तानं येऊन सांगून गेली होती, साडी न घेता. मंगळवारी समितीची बैठक होती. अध्यक्ष धनीराम पटले यांचा होकार तेवढा बाकी होता.

त्या आधीच्या शुक्रवारी चंद्रभानजींनी गाडी सर्व्हिसिंगला दिली. तेल त्यांनी स्वतःच आणलं होतं, चार लिटरचा सीलबंद डबा. विणकराला सूत आपण द्यायचं, त्याच्या घरचं वापरू द्यायचं नाही, तोच नेम. संध्याकाळी ते गाडी न्यायला गेले तेव्हा धम्मदीपनं इंजिनातली तेल मोजायची पट्टी ओढून काढली, पुसली, पुन्हा घालून काढली आणि त्यांच्या डोळ्यांसमोर धरली.

"हे पाहा काकाजी. ह्या दोन खुणा हायेत. तेल ह्या दोन्हीच्या मधात राह्यलं पाह्यजे. वरच्या खुणेच्या वर जाऊ द्याचं नाही."

"अन् हे डब्यात काय उरलं?"

"तुमच्या इंजिनले तीन लिटर पुरते. फिल्टर बदलला म्हून शंभरेक वरून घेतलं. बाकीचं हे. झाकण घट्ट लावलं, घरी ठेवून द्या. कधी कमी झालं तं कामी येइन."

"तीनच लागते तं कंपनीनं डबा चारचा काहून बनवला?"

"कंपनी एकट्या तुमच्यासाठी थोडीच बनवते काकाजी! मोठ्या गाडीले चार लागते."

"हं," चंद्रभानजी म्हणाले. उरलेलं सूत परत घेताना त्यांचा आजाही असाच हं म्हणत असे.

शनिवारी सकाळी दुकान उघडण्याआधी त्यांनी तो डबा काट्यावर ठेवला. रिकाम्या डब्याचं वजन अंदाजानं वजा केलं, तर तेल आठशे ग्रॅमच्याही आत. म्हणजे नऊशे मिलिलिटरमागे शंभरावर ग्रॅम गायब! एक लिटर म्हणजे एक किलो, हा हिशेब त्यांनी दुधावरून पक्का केला होता. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, हे घरच्या देवापुढच्या, पाण्यावर तेल तरंगणाऱ्या दिव्यात रोज डोळ्यांना दिसत होतं, पण डोळ्यांपेक्षा काट्यावर त्यांची श्रद्धा जास्त. शंभर ग्रॅमचं त्यांना फारसं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. चारचा डबा, आणि गाडीच्या पोटात तीन. उरलं म्हणजे विरळ विणलं. उद्या धनीरामजींना घेऊन लग्नाला बपेऱ्यापर्यंत जायचं आणि इंजिन अर्धपोटी!

ते स्वयंपाकघरात गेले आणि नरसाळं उचललं.

"माहं नरसाळं कुठं नेऊन राह्यले?" शोभाताई ओट्यापाशी होत्या.

"गाडीत जरासं तेल टाकतो."

"कालच तं टाकलं ना त्या पोरानं?"

"त्यानं त्याच्या हिशोबानं टाकलं. मी माह्या हिशोबानं टाकतो. पोळीले तेल जास्त झालं म्हून कोणी मेलं काय?"

"गाडी पोळी खाते काय?" असं म्हणून शोभाताई मागोमाग अंगणात आल्या, कारण नरसाळं त्यांचं होतं. चंद्रभानजींनी टोपण उघडलं, नरसाळं लावलं आणि डबा उपडा केला. शेवटचा थेंब पडेपर्यंत ते डबा धरून उभे राहिले, मग त्याला दोन टपल्या मारून आणखी चार थेंब काढले. पट्टी काढून पाहण्याची गरज त्यांना वाटली नाही. चार आणले, चार गेले. हिशेब बरोबर जुळला की माणूस पुन्हा मोजत नाही.

रविवारी धनीराम पटल्यांच्या पुतण्याचं बपेऱ्याला लग्न होतं. त्यांची गाडी मुलगा नागपूरला घेऊन गेला होता, म्हणून चंद्रभानजींनीच आग्रहानं त्यांना आपल्या गाडीत घेतलं. आग्रहामागे मंगळवारची बैठक होती. धनीरामजी पुढे बसले, शोभाताई आहेराच्या पिशवीसोबत मागे. तुमसर मागे पडलं तसे चंद्रभानजी मुद्द्यावर आले.

"पटलेजी, आवाज येते का इंजिनचा? परवाच सर्व्हिसिंग झाली. त्याच पोरानं केली, धम्मदीपनं."

"नाही येत," धनीरामजींनी कबूल केलं. "पण वास कायचा येऊन राह्यला हो?"

"रस्त्यावर डांबर टाकत असतील."

डांबर कोणी टाकत नव्हतं. आणखी चार-पाच किलोमीटरवर मागून येणाऱ्या एका फटफटीवाल्यानं पुढे येऊन हातवारे केले. चंद्रभानजींनी आरशात पाहिलं तर रस्ता दिसेना. गाडीच्या मागे निळा धूर असा निघत होता, जणू ढेकणांसाठी घर धुपवायला काढलं आहे. मग इंजिन अडखळू लागलं, दोन आचके दिले आणि सिहोऱ्याच्या अलीकडे एका पळसाखाली गाडी थांबली. सकाळचे अकरा, वैशाखातलं ऊन, आणि लग्नाचा मुहूर्त साडेबाराचा.

चंद्रभानजींना पहिल्या क्षणालाच सगळं समजलं होतं. शोभाताईंनाही. दोघांची नजर आरशात एकदा भेटली आणि चंद्रभानजींनी आरसा सरळ करण्याच्या निमित्तानं फिरवला.

"परवाच सर्व्हिसिंग झाली म्हणता ना?" धनीरामजी रुमालानं मान पुसत म्हणाले. "बोलवा मंग त्या इंजिनेराले."

धम्मदीप रविवारचा आंबागडला आईकडे आला होता. फोन गेला आणि अर्ध्या-पाऊण तासात तो फटफटीवर अवजारांची पेटी बांधून हजर झाला. त्यानं नमस्कार केला, कोणाला काही विचारलं नाही, बॉनेट उघडून पट्टी काढली. पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. तेल वरच्या खुणेच्या चांगलं दोन बोटं वर होतं, आणि त्याला फेस आला होता.

"काकाजी," तो हळूच म्हणाला, "एवढं तेल मी टाकलं नव्हतं."

या वाक्यानंतर जो वेळ गेला, तो काही फार नव्हता. एक ट्रॅक्टर जाईल एवढा. तेवढ्या वेळात चंद्रभानजींना फक्त तीन शब्द बोलायचे होते. मी टाकलं, पटलेजी. धनीरामजी हसले असते. दोन-चार वर्षं लग्नाकार्यात गोष्ट सांगितली असती, हेडाऊनं गाडीला पोळीसारखं तेल पाजलं म्हणून. खर्च तेवढाच होता. पण चंद्रभानजींनी आयुष्यभर दुसऱ्याचं माप काढलं होतं. आपलं माप चुकलं, हे चारचौघांत म्हणायची जिभेला सवय नव्हती.

"तू नाही टाकलं तं कोण टाकलं मंग?" ते म्हणाले आणि वर हसलेही. "मी टाकलं काय?"

धनीरामजीही हसले. धम्मदीप हसला नाही. त्यानं चंद्रभानजींकडे पाहिलं, मग मागच्या काचेतून शोभाताईंकडे. शोभाताई आहेराच्या पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधत होत्या. नवऱ्याला परक्यासमोर खोटं पाडायचं नाही, हा त्यांच्या माहेरचा कायदा होता, आणि तो काट्यापेक्षा कमी कडक नव्हता.

धम्मदीप पाठीवर झोपून गाडीखाली सरकला. जमीन तापलेली, तेल त्याहून तापलेलं. खालचा बोल्ट जरा सैल करून त्यानं जास्तीचं तेल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत उतरवलं. अर्धं बोटांवर आणि अर्धं बाटलीत असं होऊ नये म्हणून बोटं भाजली तरी धार सोडली नाही. मग पट्टी पाहिली, पुन्हा उतरवलं, पुन्हा पाहिली. तेल दोन खुणांच्या मध्ये आल्यावर बोल्ट कसला आणि बाहेर येऊन ती बाटली बॉनेटच्या कडेवर ठेवली. लिटरची बाटली. तेल गळ्याच्या थोडं खाली.

"नऊशे असन," तो म्हणाला. "शुक्रवारी मी डब्यात तुमाले वापस देल्लं, ते बी नऊशेच होतं."

मापाची भाषा त्या चौघांत चंद्रभानजींइतकी कोणालाच कळत नव्हती. असा पुरावा एखाद्या विणकराविरुद्ध मिळाला असता तर त्यांनी त्याला भर बाजारात उभं केलं असतं.

"डबा तं घरी तसाच हाय," ते म्हणाले. आता मात्र ते हसले नाहीत.

हे मात्र साफ खोटं होतं. याआधीचं निदान प्रश्नाच्या आड लपलेलं होतं.

धम्मदीपनं तेलात भिजलेला एअर फिल्टर काढून झटकला, प्लग काढून पुसले, कोरडे केले, बसवले. गाडी दुसऱ्या झटक्याला सुरू झाली. थोडा वेळ धूर आला, मग विरळ झाला. "आता हळू न्या. लग्न लागाच्या अंदर पोचान," एवढं बोलून त्यानं हात मातीनं घासले. चंद्रभानजींनी खिशात हात घातला तसा तो म्हणाला, "राहू द्या. चूक माही म्हणता, तं पैसे कायचे?" आणि फटफटीला किक मारून निघून गेला.

गाडी चालू लागल्यावर धनीरामजींनी पान जुळवलं.

"पोरगा मेहनती दिसते हेडाऊजी. पण पाहा, शाळेची लेकरं असतात गाडीत. अशी मधातच बंद पडली तं मायबाप आपल्याले सोडतीन काय? अन् वरतून कबूल बी करत नाही." मग पान गालात सरकवून म्हणाले, "तुम्ही जात पाहत नाही ते चांगलं हाय. पण काम तं पाहत जा."

चंद्रभानजी समोर पाहून गाडी चालवत राहिले. मागच्या सीटवरून पिशवीचा आवाज आला, बस.

लग्नात त्यांनी दोनदा जेवण वाढून घेतलं आणि दोन्हीदा टाकलं. घरी आल्यावर शोभाताईंनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"मंगळवारी सांगान ना?"

"सांगतो न."

"काय सांगान? म्हणून दाखवा."

"मी काय शाळेतलं पोरगं हाय?"

"शाळेतलं पोरगं असते तं एव्हाना कबूल केलं असतं. म्हणून दाखवा."

"तेल मी टाकलं होतं," चंद्रभानजी भिंतीकडे पाहत म्हणाले. शोभाताईंनी मान हलवली. सोमवारी रात्री जेवताना त्यांनी पुन्हा म्हणवून घेतलं. मंगळवारी बैठकीला निघताना दारात पुन्हा एकदा. तेव्हा ते अगदी सफाईनं आलं.

बैठकीत व्हॅनचा विषय चहानंतर आला. धनीरामजींनी रविवारची हकीकत रंगवून सांगितली. धुराची उंची आता पळसाच्या झाडाएवढी झाली होती. सगळे हसले. तुमसरच्या एका गॅरेजचं नाव त्यांनी पुढे केलं; ते त्यांच्या साडूचं आहे हे सगळ्यांना माहीत होतं आणि म्हणूनच कोणी विचारलं नाही. मग रीतीप्रमाणे ते वळले. "हेडाऊजी, नाव तुम्ही सुचवलं होतं. तुमचं काय म्हणणं?"

घरी तीनदा म्हटलेलं वाक्य चंद्रभानजींच्या तोंडात तयार होतं. पण रविवारी ते म्हटलं असतं तर फक्त हसू झालं असतं. आज म्हटलं तर विचारतील, मग तेव्हा काहून नाही बोलले? डबा घरी तसाच आहे असं कोण म्हणालं होतं? दोन दिवसांत त्या तीन शब्दांची किंमत चढली होती, आणि चढ्या भावानं चंद्रभानजींनी आजवर काही घेतलं नव्हतं.

"समितीले जे बरोबर वाटन ते," ते म्हणाले.

बुधवारी दुपारी ते बायपासवर गेले. शेडमध्ये धम्मदीप एकटाच होता, एका जुन्या जीपचं चाक खोलत. बातमी त्याला कळली होती. भंडाऱ्यात अशी बातमी चालत जात नाही, फटफटीवर जाते.

"बस म्हणणार नाही काय रे?"

"बसा न काकाजी." त्यानं स्टूल पुसून दिलं.

"हे पाय, मी तुले गिऱ्हाईक आणून देतो. बाजारातले दहा जण माह्या शब्दाबाहेर नाहीत. व्हॅनचं जाऊ दे, तिथं पटल्याचा साडभाऊ बसला होता, तू काय अन् मी काय करणार."

धम्मदीपनं पाना खाली ठेवला. डाव्या हाताच्या दोन बोटांवर पट्टी होती.

"गिऱ्हाईक नको काकाजी. एक गोष्ट सांगा. समितीत नको, पटलेजीसमोर नको, मले एकट्याले सांगा. मी कोणाले सांगणार नाही, मायलेही नाही. तेल तुम्ही ओतलं ना?"

शेडमध्ये दुसरं कोणी नव्हतं. रस्त्यावर एक ट्रक गेला, टिनपत्रे थरथरले आणि पुन्हा शांत झाले. यापेक्षा स्वस्तात सौदा कोणी देऊ केला नसता. फक्त एक होकार, तोही मान हलवून चालला असता.

"अरे, मशीन हाय," चंद्रभानजी म्हणाले. "कमी-जास्त होतेच. तू एवढं मनावर काहून घेतं?"

धम्मदीपनं पाना उचलला.

"ठीक हाय काकाजी. यापुढं गाडी दुसरीकडं दाखवत जा."

"म्हणजे? मले नाही म्हणतं? ज्यानं तुहं नाव सगळ्या बाजारात केलं त्याले?"

"तुमच्या गाडीचं माप माह्याकडून नाही होणार," धम्मदीप म्हणाला आणि चाकाकडे वळला.

येताना गाडी इतकी सुरेख चालत होती, की चंद्रभानजींना तिच्यावरही राग आला. घरी शोभाताईंनी विचारलं, "बोलले?" ते म्हणाले, "बोललो." ताट वाढून शोभाताई समोरून उठून गेल्या; पस्तीस वर्षांत पहिल्यांदा चंद्रभानजींचं जेवण एकट्यानं झालं.

ज्येष्ठ लागला. धम्मदीपच्या शेडवर भाड्यानं देण्याची पाटी लागली आणि तो नागपूरला कुठल्यातरी मोठ्या सेंटरवर लागल्याचं कळलं. त्याच सुमारास दुकानात एक गिऱ्हाईक साड्या पाहताना सहज म्हणालं, "हेडाऊजी, तुमचा तो मेकॅनिक कसा हाय हो? तो नागपूरवरून रविवारचा येऊन घरी गाड्या पाहते म्हणतात. मी देऊ काय माही गाडी?"

चंद्रभानजींनी साडीची घडी मोडता मोडता क्षणभरही विचार केला नाही.

"नको देऊ बाप्पा. हात चांगला हाय, पण माप नाही त्याले. माह्या गाडीत लिटरभर तेल जास्त टाकलं होतं त्यानं. डोळ्यानं पाह्यलं मी."

ते इतकं खरं वाटलं, की गिऱ्हाइकानं मान डोलावली. गल्ल्यापाशी बसलेल्या शोभाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर खोटं बोलणाऱ्याची कुठलीच खूण नव्हती. यांना आता ते खरंच तसं आठवत होतं.

"ही दाखवू काय, जांभळ्या काठाची?" चंद्रभानजींनी गिऱ्हाइकाला विचारलं, आणि सवयीनं साडी काट्यावर ठेवली.